स्पीड टेस्ट चांगली, तरी कॉल तुटतो: वायफायमधली तुंबलेली रांग शोधणं आणि आवरणं

दिवसभर सगळं सुरळीत चालतं. संध्याकाळी घरातल्या कुणाच्या तरी फोनवरून फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू होतो आणि दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल जागच्या जागी थिजतो. आवाज तुटक येतो, चित्र दोन सेकंद मागे पडतं, गेम खेळणाऱ्याचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, ३० मिलिसेकंदांवरून ६००वर जातो. स्पीड टेस्ट करावी तर १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९५ दिसतात. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ बरं वाटतं, कारण चालू असलेला अपलोड तुटतो आणि रांग रिकामी होते. मग पुन्हा तेच.

हा दोष सहसा सिग्नलचा नसतो आणि प्लॅनचाही नसतो. वाटेत कुठेतरी पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग तुंबून उभी राहते आणि कॉलची चिमुकली पॅकेटं तिच्या शेपटाला अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात. संगणक-अभियंते जिम गेटिस यांनी २०१०-११च्या सुमारास हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. मोठा प्लॅन घेतला की तो सुटेल, असं वाटणं साहजिक आहे. पण रांग नेहमी वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागेपाशी साचते. लाइन वायफायपेक्षा वेगवान झाली, की तीच रांग मोडेमकडून वायफायकडे सरकते आणि तक्रार तशीच राहते. म्हणून आधी रांग कुठे आहे हे पक्कं करायचं, आणि मगच सेटिंगला हात लावायचा.

रांग पॅकेटांत मोजू नका, वेळेत मोजा

लिनक्सवर इंटरफेसच्या साध्या रांगेची नेहमीची मर्यादा १००० पॅकेटांची असते. एक पॅकेट १५०० बाइटचं धरलं तर भरलेली रांग १५ लाख बाइटांची, म्हणजे १ कोटी २० लाख बिटांची झाली. १०० एमबीपीएसवर ती ०.१२ सेकंदात उपसली जाते. १० एमबीपीएसवर १.२ सेकंद लागतात. कोपऱ्यातल्या खोलीत वेग २ एमबीपीएसवर आला, तर त्याच रांगेतून बाहेर पडायला ६ सेकंद. तारेवर वेग ठरलेला असतो म्हणून हा आकडा एकदा बसवून चालून जातं. वायरलेसमध्ये वेग माणूस दारातून आत-बाहेर केला तरी बदलतो. त्यामुळे पॅकेटांत ठरवलेली कुठलीही मर्यादा एका खोलीत फार मोठी आणि दुसऱ्या खोलीत फार लहान ठरते. इंटरफेसची रांग १००वरून ५०वर, ५०वरून २०वर आणत बसण्याचे सल्ले वाचायला मिळतात. त्या वाटेला जाऊ नका.

उलटं गणित निदानाला फार उपयोगी पडतं. अपलोड २० एमबीपीएस आहे, रिकाम्या वेळी पिंग १५ मिलिसेकंद आणि अपलोड चालू असताना ४१५, असं समजा. फरक ४०० मिलिसेकंदांचा. २० एमबीपीएस गुणिले ०.४ सेकंद म्हणजे ८० लाख बिट, म्हणजे १० लाख बाइट, म्हणजे साधारण ६६७ मोठी पॅकेटं कुठेतरी उभी आहेत. एवढी मोठी जागा वाटेतल्या कुठल्या यंत्रात आहे, हे मग ओळखता येतं.

रांग इतकी का भरते, तर टीसीपी, म्हणजे पाठवण्याचा वेग ठरवणारा नियमसंच, त्याच्या क्युबिकसारख्या प्रकारात पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत नेतो. गळती हीच त्याला मिळणारी सूचना. बफर प्रचंड असेल तर पॅकेट गळतच नाही, सूचना पोचत नाही आणि पाठवणारा भरतच राहतो. शिवाय अपलोडची रांग तुंबली की डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात, त्यामुळे "अपलोड चालू असताना डाउनलोडही मेलं" अशी तक्रार येते. दोन वेगळे दोष समजून दोन्हीकडे शोधत बसू नका.

आवाजाच्या कॉलसाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बऱ्याचशा वापरासाठी चालण्यासारखा धरला आहे. घरातली एक रांगच ४०० खात असेल, तर पुढे कितीही चांगलं नेटवर्क असून उपयोग नाही.

निदान: तीन जागा, दोन पिंग

लागणारं सामान: एक लॅपटॉप, एक लॅनची केबल, जमल्यास तारेने जोडलेला दुसरा संगणक. वेळ संध्याकाळी आठ ते दहाचा, म्हणजे तक्रार येते तोच.

लॅपटॉप आधी केबलने राउटरला जोडा आणि त्याचं वायफाय बंद करा. दोन खिडक्यांत दोन पिंग सतत चालू ठेवा: एक राउटरला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१, आणि एक बाहेर, उदाहरणार्थ १.१.१.१. विंडोजवर पिंग सतत चालवायला आदेशाला -टी जोडावं लागतं. पहिला एक मिनिट काहीच करू नका. दुसऱ्या मिनिटाला एखादी एक-दोन जीबीची फाइल क्लाउडवर चढवायला लावा. ती थांबवून तिसऱ्या मिनिटाला मोठी फाइल उतरवा. अपलोड आणि डाउनलोड वेगवेगळेच तपासा, कारण त्यांच्या रांगा वेगवेगळ्या यंत्रांत असतात. सरासरीवर जाऊ नका. सगळ्यात वरचे आकडे आणि ते किती वेळा आले, ते लिहून ठेवा.

हीच चाचणी मग वायफायवर, राउटरपासून दोन-तीन मीटरवर बसून करा, आणि शेवटी जिथे कॉल तुटतो त्या जागी.

केबलवर राउटरचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आत स्थिर आहे आणि बाहेरचा उसळतो, तर रांग इंटरनेट लाइनवर आहे. अपलोडला उसळला तर तुमच्या मोडेम किंवा ओएनटीमध्ये (फायबरच्या टोकाला बसवलेल्या डब्यात), डाउनलोडला उसळला तर कंपनीच्या टोकाला. केबलवर दोन्ही स्थिर, पण वायफायवर राउटरचाही पिंग उसळतो, तर रांग हवेच्या तोंडाशी आहे. जवळ बसून ठीक आणि लांब बसून वाईट, तर हळू वेगाच्या स्टेशनचा, म्हणजे वायफायला जोडलेल्या यंत्राचा, प्रश्न आहे. केबलवर राउटरचाच पिंग उसळतो, तर राउटरचा प्रोसेसर दमला आहे, रांगेचा विचार नंतर.

दोन फसव्या खुणा आधीच बाजूला काढा. काहीच चालू नसताना फोनला केलेला पिंग १००-२०० मिलिसेकंदांपर्यंत नाचतो, तो रांगेमुळे नाही. फोन वीज वाचवायला रेडिओ झोपवतो आणि बीकनच्या, म्हणजे राउटर ठरावीक वेळाने देतो त्या हाकेच्या, ठोक्याला उठून आपली पॅकेटं मागतो. बीकन साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. म्हणून विलंब मोजायला फोन घेऊ नका, चार्जरला लावलेला लॅपटॉप घ्या. दुसरी खूण: ठरावीक अंतराने, एकटीच उसळी येते आणि लगेच विरते. हा बहुधा लॅपटॉपचा आजूबाजूची नेटवर्कं धुंडाळण्याचा उद्योग असतो. रांगेचा विलंब असा नसतो. तो लोड सुरू झाला की चढत जातो, चढलेलाच राहतो आणि लोड थांबला की उतरतो.

हवेचा भाग इंटरनेटपासून वेगळा काढायचा असेल तर तारेने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा सर्व्हर चालवा आणि वायफायवरच्या लॅपटॉपवरून ६० सेकंदांची चाचणी घ्या, एकदा सरळ आणि एकदा उलट्या दिशेने. सर्व्हर राउटरवरच चालवू नका. त्याचा प्रोसेसर चाचणीतच गुंततो आणि आकडे बिघडतात.

रांग लाइनवर असेल तर

मोडेमच्या आतल्या रांगेवर आपला ताबा नसतो. उपाय असा, की अरुंद जागा आपणच आपल्या राउटरमध्ये तयार करायची, लाइनपेक्षा किंचित अरुंद. मग रांग आपल्याकडे साचते आणि तिचं काय करायचं ते आपण ठरवतो.

त्यासाठी राउटरवर एफक्यू-कोडेल किंवा केक हे रांग सांभाळणारं तंत्र हवं. कोडेल २०१२मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडलं. ते रांगेची लांबी बघतच नाही. प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते बघतं. १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत थांबण्याचा किमान वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली आलाच नाही, तर ती क्षणिक गर्दी नाही, कायमची साचलेली रांग आहे असं धरून पॅकेट टाकायला लागतं. एफक्यू-कोडेल त्यात आणखी एक काम करतं: प्रवाहांना, म्हणजे वेगवेगळ्या जोडण्यांच्या पॅकेटांना, १०२४ छोट्या रांगांत वाटतं आणि ज्याची रांग नुकतीच सुरू झाली त्याला आधी सोडतं. कॉलची पॅकेटं कमी आणि विरळ असल्याने ती जवळजवळ थांबतच नाहीत. केक लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत, २०१८मध्ये आलं. त्यात वेगमर्यादा आणि यंत्रागणिक वाटणी दोन्ही आहे.

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या खुल्या फर्मवेअरवर लुसी-ॲप-एसक्यूएम हे पॅकेज बसवा. नेटवर्कच्या मेनूत एसक्यूएम क्यूओएस हे रांग आवरण्याचं पान दिसेल. इंटरफेस निवडताना बाहेरच्या बाजूचा निवडा. पीपीपीओई (नाव-पासवर्ड टाकून लाइन जोडण्याची पद्धत) असेल तर पीपीपीओईचाच. लॅनच्या ब्रिजवर लावलं तर डाउनलोड-अपलोड उलटे होतात आणि घरातल्या घरातली कॉपीही मंदावते. वेग किलोबिटमध्ये लिहायचा असतो: ९० एमबीपीएस म्हणजे ९००००. तिथे ९० लिहिलं की नेट ठप्प होतं, आणि ० लिहिलं की मर्यादाच लागत नाही. या दोन चुका सगळ्यात जास्त दिसतात.

आकडा कुठला टाकायचा? प्लॅनचा नाही. संध्याकाळच्या गर्दीत केबलवर मोजलेल्यांपैकी सगळ्यात कमी आलेला घ्या. अपलोडला त्याच्या ९५ टक्के, डाउनलोडला ८५ ते ९० टक्के. डाउनलोडला जास्त मोकळीक का, तर ती पॅकेटं अरुंद जागा ओलांडूनच आपल्याकडे आलेली असतात. कंपनीकडची रांग उपसली जावी इतपत आपण हळू असलो तरच ती रिकामी राहते. क्यूडिस्क, म्हणजे रांगेची पद्धत, केक; स्क्रिप्ट "पीस ऑफ केक". लिंक लेयरमध्ये इथरनेट आणि ओव्हरहेड, म्हणजे प्रत्येक पॅकेटामागचा वरखर्च, ४४ बाइट. फायबरवर प्रत्यक्ष ओव्हरहेड याहून कमी असतो, पण इथे थोडं जास्त धरण्यात तोटा नगण्य आणि कमी धरलं तर छोट्या पॅकेटांच्या गर्दीत रांग पुन्हा मोडेममध्ये जाते.

प्रगत पर्यायांत अपलोडला "ड्युअल-एसआरसीहोस्ट" आणि "नॅट", डाउनलोडला "ड्युअल-डीएसटीहोस्ट", "नॅट" आणि "इनग्रेस" हे शब्द जोडा. हे वगळू नका. नुसत्या प्रवाहांत वाटणी केली तर टॉरंटचे ३० प्रवाह उघडणाऱ्याला ३० वाटे आणि कॉलवाल्याला एक. या शब्दांमुळे वाटणी आधी यंत्रांत होते, मग यंत्राच्या आत प्रवाहांत.

लावून झालं की चाचणी पुन्हा. लोडखाली पिंगची वाढ १०-१५ मिलिसेकंदांच्या आत असेल तर वेग ५ टक्क्यांनी वाढवा, पुन्हा मोजा. वाढ एकदम उडी घेईल तिथून एक पायरी मागे या. लाइनची खरी मर्यादा तीच.

केकची आकडेवारी टीसी आदेशाने -एस लावून पाहता येते. तिथे पीके, एव्ही आणि एसपी अशा तीन विलंबांच्या ओळी दिसतात. कॉलसारख्या विरळ प्रवाहांचा विलंब एसपीच्या ओळीत असतो आणि तो एक-दोन मिलिसेकंदांच्या आसपास राहायला हवा. तिथेच "ड्रॉप्स"चा आकडा वाढताना पाहून लोक घाबरतात. तो वाढायलाच हवा. गळती हीच पाठवणाऱ्याला दिलेली सूचना आहे, आणि ज्यांच्यात ईसीएन (गर्दीची खूण वाचण्याची सोय) चालू आहे त्यांची पॅकेटं न टाकता नुसती खूण करून सोडली जातात. तो आकडा "मार्क्स"मध्ये दिसतो. लोड असूनही दोन्ही आकडे शून्यावर अडलेले असतील तर मात्र रांग अजून तुमच्याकडे आलेलीच नाही. मर्यादा जास्त आहे, इंटरफेस चुकला आहे, किंवा वाहतूक केकला वळसा घालून जाते आहे.

वळसा घालण्याचं नेहमीचं कारण हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग. ते चालू असेल तर पॅकेटं चिपमधूनच परस्पर निघून जातात आणि केकच्या हाती काही लागत नाही. फायरवॉलच्या पानावर ते बंद करा. चाचणीपुरतं सॉफ्टवेअर ऑफलोडिंगही बंद ठेवा. बंद केल्यावर प्रोसेसरवर भार येतो. टॉप आदेशात एसआयआरक्यूचा, म्हणजे पॅकेटं हाताळण्यात जाणाऱ्या वेळेचा, आकडा लोडखाली एखाद्या कोअरला पूर्ण खाऊन टाकत असेल, तर तो राउटर एवढ्या वेगाला केक चालवू शकत नाही. एका कोअरच्या जुन्या राउटरचं हे हमखास होतं. तिथे केकऐवजी एफक्यू-कोडेल आणि "सिंपलेस्ट" स्क्रिप्ट लावली की काम हलकं होतं. तेही पुरलं नाही तर यंत्र बदलणं हाच उपाय.

रांग हवेच्या तोंडाशी असेल तर

इथे प्रश्न दुहेरी आहे. रांग किती लांब हा एक, आणि पाळी कुणाला किती हा दुसरा. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

वायफायचा मूळ नियम सगळ्यांना हवेत शिरण्याची समान संधी देतो, समान वेळ देत नाही. राउटरजवळचा लॅपटॉप ३०० एमबीपीएसवर आणि दोन भिंतींपलीकडचा जुना फोन ६ एमबीपीएसवर आहे, असं धरा. १५०० बाइटचं पॅकेट लॅपटॉपला ०.०४ मिलिसेकंदात जातं, फोनला २ मिलिसेकंदांत. एकेका पॅकेटची पाळी धरली तर २.०४ मिलिसेकंदांत दोघांचं एकेक पॅकेट. म्हणजे दोघांनाही साधारण ५.९ एमबीपीएस, एकूण १२सुद्धा नाही. वेळ अर्धा-अर्धा वाटला तर लॅपटॉपला १५० आणि फोनला ३. यात हेडर, पोचपावत्या आणि पॅकेटांचे गठ्ठे धरलेले नाहीत, पण गोष्टीचा कल हाच. एका हळू यंत्रामुळे सगळं घर हळू होतं, ही विकृती २००३मध्ये मार्टिन ह्यूस आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवली होती.

लिनक्सच्या एमएसी८०२११ या वायफाय सांभाळणाऱ्या थरात आता याची सोय आहे. टोके हॉयलंड-योर्गनसेन, डेव्ह टॅट आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये युसेनिक्स या संगणक-संशोधकांच्या संस्थेच्या परिषदेत मांडलेल्या कामातून ती आली: प्रत्येक स्टेशनची वेगळी रांग, तिच्या आत एफक्यू-कोडेल, आणि पाळी एअरटाइम, म्हणजे हवेत घेतलेला वेळ, मोजून. पुढे लिनक्स ५.५मध्ये एअरटाइमची रांगमर्यादा, म्हणजे एक्यूएल, आली. ड्रायव्हर एका स्टेशनसाठी हार्डवेअरकडे एका वेळी साधारण ५ ते १२ मिलिसेकंद पुरेल एवढंच सोडतो. बाकीची पॅकेटं वर थांबतात, जिथे कोडेल त्यांच्याकडे बघू शकतं. वायरलेसमध्ये रांग वेळेतच मोजली पाहिजे, हे इथे थेट ड्रायव्हरमध्ये उतरलं आहे.

ही सोय तुमच्या राउटरात आहे का, हे चिपवर ठरतं. क्वालकॉम अथेरॉसच्या चिपांसाठीचे एटीएच९के आणि एटीएच१०के, तसंच मीडियाटेकचा एमटी७६ हे ड्रायव्हर ती वापरतात. बंद, म्हणजे कोड खुला नसलेले, ड्रायव्हर असलेल्या चिपांवर ती नसते. तपासायला वायफाय इंटरफेसची क्यूडिस्क पाहा. तिथे "नोक्यू" दिसलं तर दचकू नका, ते बरोबरच आहे. रांग खालच्या थरात सांभाळली जाते. तिथे हाताने एफक्यू-कोडेल चिकटवण्यात अर्थ नाही. एक्यूएलच्या मर्यादा आणखी खाली ओढण्याचा मोहही आवरा, कारण मग गठ्ठे छोटे पडतात, प्रत्येक गठ्ठ्यामागचा ठरलेला खर्च तेवढाच राहतो आणि वेग घटतो.

मग हवा मोकळी करा. इथे एका सेटिंगवर थोडं रेंगाळतो, कारण त्याचा परिणाम मोठा आहे आणि तो कुठल्याच पानावर दिसत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर जुने ८०२.११बी वेग चालू असतील तर बीकन १ एमबीपीएसवर जातो. ३०० बाइटचा बीकन त्या वेगाला २.४ मिलिसेकंद घेतो, शिवाय त्याच्या आधी जाणाऱ्या प्रस्तावनेचे (प्रीॲम्बल) जवळपास ०.२. सेकंदाला सुमारे दहा बीकन, आणि घर, पाहुणे, कॅमेरे, टीव्ही अशी वायफायची चार नावं एकाच राउटरवर काढलेली असतील तर चाळीस. म्हणजे सेकंदातले सुमारे १०० मिलिसेकंद, दहा टक्के हवा, कुणी काहीही न पाठवता गेली. त्याच चॅनेलवर शेजारचे आणखी दोन राउटर असेच असले तर तीस टक्के. जुने वेग बंद करून किमान वेग ६ एमबीपीएस केला, की तोच बीकन ०.४ मिलिसेकंदात उरकतो. ओपनडब्ल्यूआरटीवर रेडिओच्या प्रगत सेटिंगमध्ये "जुने ८०२.११बी वेग" ही खूण काढा आणि नावं दोनवर आणा. फार जुना प्रिंटर वगैरे तुटला तर तेवढ्यापुरता विचार करा.

हवा किती भरली आहे हे आयडब्ल्यू आदेशाच्या "सर्व्हे डंप"मध्ये दिसतं. चालू चॅनेलचा "बिझी" वेळ भागिले "ॲक्टिव्ह" वेळ. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या आणि दोन्हींतला फरक वापरा, कारण आकडे सुरुवातीपासून साठत येतात. तुमचा लोड बंद असतानाही हे प्रमाण निम्म्याच्या वर असेल तर पॅकेटं तुमच्या रांगेत नाही, हवेची वाट पाहत थांबलेली आहेत; कुठलंही रांगेचं तंत्र तिथे पुरणार नाही. २.४वर १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ, याखेरीज काही लावू नका. कॉलची यंत्रं ५ गिगाहर्ट्झवर न्या. दाट वस्तीच्या इमारतीत तिथेही ८०ऐवजी ४० मेगाहर्ट्झ बरेचदा जास्त स्थिर चालतं. भारतात २०१८च्या अधिसूचनेपासून ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरता येतात, त्यामुळे जागा भरपूर आहे. फक्त ५२ ते १४४ या चॅनेलांवर राउटरला रडारकडे कान ठेवावा लागतो: सुरू होताना निदान मिनिटभर थांबतो, आणि रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडून जातो. दिवसातून एखाददा, लोड नसताना, सगळ्यांचा कॉल एकदम तुटत असेल तर राउटरच्या लॉगमध्ये हे बघा. ३६ किंवा १४९ लावून प्रश्न मिटतो.

डब्ल्यूएमएम, म्हणजे वाहतुकीला वर्गांनुसार पाळी देण्याची वायफायची सोय, कधीही बंद करू नका, त्याच्याशिवाय ८०२.११एन आणि पुढचे वेग मिळतच नाहीत आणि सगळं ५४ एमबीपीएसवर घसरतं. उलट बाजूने, सगळी वाहतूक "व्हॉइस" वर्गात ढकलणंही घातक. त्या वर्गाची चकमकीची खिडकी, म्हणजे पाठवण्याआधी किती ठोके थांबायचं याची मर्यादा, फक्त ३ ते ७ एवढी लहान असते, साध्या वर्गाची १५ ते १०२३. सगळेच व्हॉइसमध्ये शिरले की टकरी वाढतात आणि पुन्हा पुन्हा पाठवण्यात हवा जाते. आणखी एक आडवळणाचं कारण: काही वेळा बाहेरून येणाऱ्या सगळ्या पॅकेटांवर सीएस१ ही कमी महत्त्वाची खूण असते आणि राउटर ती मुकाट्याने पार्श्वभूमी वर्गात टाकतो. फक्त डाउनलोडची दिशा, फक्त वायफायवर आणि शेजाऱ्यांची वर्दळ वाढली की मंद, असं दिसलं तर केकच्या डाउनलोड पर्यायांत "वॉश" जोडा. तो या खुणा पुसून टाकतो.

एअरटाइमची वाटणी राउटरकडून निघणाऱ्या वाहतुकीपुरतीच असते, हे ध्यानात ठेवा. फोनकडून वर जाणारी रांग फोनच्याच ड्रायव्हरमध्ये असते. तिथे आपल्याला हात घालता येत नाही, पण लाइनवर लावलेला केक अप्रत्यक्षपणे ती आवरतो: वाटेत गळती दिसली की फोनचा टीसीपी मंदावतो आणि हवेची रांग साचत नाही. अट एकच, लाइनची मर्यादा त्या जागी मिळणाऱ्या वायफाय वेगापेक्षा कमी हवी. बंद ड्रायव्हरच्या राउटरवरही हीच एक मात्रा चालते, जवळच्या यंत्रांपुरती. लांबच्या खोलीसाठी छताशी दुसरा ॲक्सेस पॉइंट लावून त्याला केबल ओढा. एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर नको. तो प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा नेतो आणि स्वतःची एक रांग वाढवतो. अनेक टप्प्यांच्या नेटवर्कमध्ये कुणी केव्हा पाठवायचं हे रांगांच्या लांबीतल्या फरकावरून ठरवता येतं आणि पेलणारा कुठलाही भार त्याने स्थिर राहतो, हे लिअँड्रोस टासिउलास आणि अँथनी एफ्रेमिडीस यांनी १९९२मध्ये सिद्ध केलं आहे. सुंदर निकाल आहे, पण त्यासाठी टप्प्यांवरच्या यंत्रांना एकमेकांच्या रांगा ठाऊक असाव्या लागतात. घरातल्या रिपीटरना त्या ठाऊक नसतात.

४जी-५जी राउटर असेल तर

मोबाइल नेटवर्कमध्ये टॉवर प्रत्येक ग्राहकाची वेगळी रांग ठेवतो आणि पाळी वेगळ्या रीतीने देतो. साधारण तत्त्व असं, की ज्याचा या क्षणीचा वेग त्याच्या स्वतःच्या सरासरीच्या मानाने चांगला, त्याला आधी. त्यामुळे शेजाऱ्याच्या डाउनलोडने तुमचा वेग घटतो, पण तुमची रांग लांबवतो तो बहुतेक तुमचाच लोड. ही चांगली बातमी आहे, कारण स्वतःचा लोड आवरता येतो.

अडचण ठरावीक मर्यादेची. दुपारी ६० मिळणारे संध्याकाळी १५ होतात. ५४वर लावलेला केक तेव्हा निरुपयोगी आणि १३वर लावला तर दुपार वाया. ओपनडब्ल्यूआरटीवर केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट सतत पिंग करून विलंब वाढला की मर्यादा खाली आणते आणि लोड असूनही विलंब स्थिर असेल तर वर नेते. दोन्ही दिशांना तीन आकडे द्यावे लागतात: किमान, पायाभूत आणि कमाल. किमान म्हणजे ज्याच्या खाली गेलं तर कॉलच चालणार नाही असा वेग. तो लाइन सगळ्यात वाईट असतानाही मिळेल असाच ठेवा. डाउनलोडला ५, २० आणि ६० एमबीपीएस अशी सुरुवात करून आठवडाभराच्या लॉगवरून सुधारा. रिकाम्या वेळचाच पिंग ४०-५०च्या आसपास असेल तर तो रांगेचा नाही. वर पाठवायला यंत्राला आधी टॉवरकडे परवानगी मागावी लागते, त्यात तेवढा वेळ जातोच.

बरा झालेला दोष परत येतो तेव्हा

बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं. प्लॅन वाढवला आणि मर्यादा जुनीच राहिली, तर वेग कमी मिळतो म्हणून कुणीतरी एसक्यूएम बंद करतं आणि रांग परत येते. फर्मवेअर चढवताना एसक्यूएमचं पॅकेज उडतं. सेटिंगची फाइल मात्र तशीच राहिल्याने सगळं जागेवर आहे असा भास होतो. कंपनीने ओएनटी बदलला की पीपीपीओई कधी कधी त्याच्यातच सुरू होतो, इंटरफेसचं नाव बदलतं आणि केक रिकाम्या इंटरफेसवर बसून राहतो. "वेग वाढवा" म्हणून कुणी हार्डवेअर ऑफलोडिंग पुन्हा चालू करतं. नवा कॅमेरा गच्चीच्या टोकाला लागतो आणि २.४वर सगळ्यात हळू वेगाने चोवीस तास अपलोड करतो. आधी हे पाच प्रश्न विचारा, मग केकचे ड्रॉप्स-मार्क्स वाढतात का ते पाहा. निम्मं निदान तिथेच होतं.

केबलवर, सगळं बंद असताना, बाहेरचा पिंगच उसळत असेल तर दोष घराबाहेर आहे. कंपनीला "नेट स्लो आहे" असं कळवून काही होत नाही. केबलवरचे राउटर आणि बाहेर अशा दोन्ही पिंगचे एकाच वेळचे आकडे, घड्याळाच्या वेळेसह, तीन संध्याकाळचे जोडा, आणि ट्रेसराउटमध्ये (वाटेतले टप्पे दाखवणारा आदेश) पहिल्यांदा कुठल्या टप्प्यापासून पुढे सगळीकडे विलंब वाढलेला दिसतो ते लिहा. मधला एकच टप्पा वाढलेला आणि पुढचे सगळे ठीक असतील तर त्याला दोष देऊ नका. तो राउटर पिंगला उत्तर द्यायला आळस करतो, वाहतूक मात्र नीट पुढे सोडतो.